चिंचोके, चिठ्ठ्या आणि साठ तोंडं

फळ्यावर ‘मोबाईल : शाप की वरदान’ असं लिहायचं, ‘हं, आता इंग्लिशमध्ये डिस्कशन करा’ म्हणायचं आणि खुर्चीत बसायचं, हा प्रकार सांगलीतल्या शाळांत आणि विश्रामबागेतल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासांत अजून चालतो. पुढं काय होणार तेही ठरलेलं. वक्तृत्वात बक्षीस घेतलेली एक मुलगी उठते, ‘रिस्पेक्टेड टीचर अँड माय डिअर फ्रेंड्स’पासून सुरुवात करते, निबंधाच्या वहीतला अर्धा परिच्छेद म्हणून दाखवते आणि बसते. मग एक मुलगा उठतो आणि उरलेला अर्धा म्हणतो. बाकीचे छप्पन-अठ्ठावन्न जण टाळ्या वाजवायला.

यावर पोरं बुजरी आहेत, शब्दसाठा नाही, घरी इंग्लिशचं वातावरण नाही अशी कारणं देतात. तिन्ही थोडीथोडी खरी आहेत. पण हीच बुजरी पोरं मधल्या सुट्टीत टीममध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला बसवायचं यावरून घंटा होईपर्यंत भांडतात. तिथं त्यांना ‘क्रिकेट’ या विषयावर बोलायचं नसतं, अकरा नावं ठरवायची असतात. विषय देऊन बोलणं निघत नाही, काम दिलं की निघतं. आणि काम असं पाहिजे की एकमेकांशी बोलल्याशिवाय ते पुरंच होऊ नये. चर्चेचे जेवढे म्हणून खेळ वर्गात चालतात ते याच एका गोष्टीवर चालतात, आणि फसतात तेही बहुतेक वेळा हीच गोष्ट सुटल्यामुळं.

हा शोध आजचा नाही. आपल्या पेठ नाक्यावरनं जो हायवे जातो त्याच हायवेनं खाली बंगळूरला इंग्लिश अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात एक प्रयोग केला. दक्षिणेतल्या काही शाळांत, आपल्यासारख्याच भरगच्च वर्गांत, व्याकरणाची क्रमवार यादी बाजूला ठेवून वेळापत्रकं, नकाशे अशा वस्तूंवरच्या कामांतून इंग्लिश शिकवून बघितलं. कामांचे त्यांनी तीन प्रकार सांगितले. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, ते विचारून काढायचं, हा पहिला. हातातल्या माहितीवरनं डोकं चालवून काहीतरी ठरवायचं, हा दुसरा. स्वतःचं मत मांडायचं, हा तिसरा. प्रभूंना वर्गात सगळ्यांत उपयोगी वाटला तो दुसरा. मताच्या कामात बरोबर-चूक ठरलेलं नसतं, त्यामुळं नवख्या पोराला पाय टेकायला जागाच मिळत नाही. आपण नेमका तिसऱ्या प्रकारापासून श्रीगणेशा करतो.

आता जरा हिशेब. तास ३५ मिनिटांचा, पट ६० चा. बसाउठायची आणि समजावण्याची पाच मिनिटं सोडली तर उरली ३०. प्रत्येकानं उभं राहून सरांशी बोलायचं म्हटलं तर वाट्याला येतो अर्धा मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी साडेएकोणतीस मिनिटं गप्प बसायचं. तेच जोड्या लावल्या की एका वेळी ३० तोंडं चालतात. शेजारच्या वर्गातनं तक्रार येते हे खरं. ती कमी करायचे उपाय आहेत, पण शून्य गोंगाटात बोलण्याचा सराव होत नाही हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गट किती जणांचा, यात हयगय नको. माहिती काढायच्या खेळाला दोघं. ठरवायच्या खेळाला तिघं किंवा चौघं. पाचवा आला की एक जण हळूच भिंतीला टेकतो, आणि सहा झाले की तीन-तीनचे दोन कंपू होऊन दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात. आपल्याकडं एका बाकावर तिघं बसतात आणि बाक हलत नाहीत, म्हणून पुढच्या बाकानं मागं वळायचं असं केलं की आपोआप सहाचा गट होतो. तो टाळायचा. चौघंच हवे असतील तर पुढच्या बाकावरचे दोघं मागच्या दोघांकडं वळतात आणि कडेला बसलेले दोघं पलीकडच्या रांगेतल्या कडेच्या दोघांशी जुळतात. हे पहिल्या दिवशी नुसतं बसून दाखवायला पाच मिनिटं जातात, दुसऱ्या आठवड्यात अर्धा मिनिटही लागत नाही. नववी-दहावीत मुलं-मुली एकत्र गटात घातले की सुरुवातीला सगळेच गप्प होतात. पहिले काही तास वेगवेगळे बसू द्यावेत, त्यात तत्त्वाचा प्रश्न करण्यासारखं काही नाही.

सुरुवात एस.टी.च्या वेळापत्रकानं करावी. दोन चिठ्ठ्या, ‘अ’ आणि ‘ब’. दोन्हींवर त्याच सहा गाड्या : सातारा, कराड, तासगाव, मिरज, विटा, जत. प्रत्येक गाडीची सुटायची वेळ, फलाट आणि भाडं अशा तीन गोष्टी, एकूण अठरा रकाने. ‘अ’कडं नऊ भरलेले आणि नऊ रिकामे, ‘ब’कडं बरोबर उलटं. विचारून विचारून रिकामे रकाने भरायचे. यात दोन चुका हमखास होतात. पहिली चिठ्ठी बनवणाऱ्याची : सगळी माहिती ‘ब’कडं दिली की ‘अ’ नुसता विचारत राहतो आणि ‘ब’ नुसता आकडे सांगतो. म्हणून निम्मं-निम्मं. दुसरी पोरांची : दोन मिनिटांत चिठ्ठ्या शेजारी ठेवून उतरवून घेतात, कारण त्यांच्या दृष्टीनं रकाने भरणं हेच काम आहे. पाठीला पाठ लावून बसवलं तर ओरडावं लागतं आणि तीस जोड्यांचा बाजार होतो. त्यापेक्षा समोरासमोर बसवून मध्ये एक पुस्तक उभं धरायला लावावं, तेवढी भिंत पुरते. आकडे निवडताना मुद्दाम ‘थर्टीन’-‘थर्टी’, ‘फिफ्टीन’-‘फिफ्टी’ अशा जोड्या घालाव्यात. गैरसमज झाला की ‘पार्डन?’ आणि ‘वन-थ्री ऑर थ्री-झिरो?’ हे आपसूक तोंडात येतं.

हे आठ-दहा मिनिटांचं काम आहे, त्यात फार अडकून पडायचं कारण नाही. खरा रस सहलीच्या खेळात आहे.

गट चौघांचा. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या : एक ठिकाणाची, एक माणसाची. ठिकाणं चार : हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम, औदुंबर, सागरेश्वरचं अभयारण्य आणि दंडोबाचा डोंगर. अंतर, भाडं, चढ आहे का, तिथं बघायला काय आहे, एवढं त्या चिठ्ठीवर. माणसंही चार : गुडघे दुखणारी आजी, तासाभरापेक्षा जास्त प्रवास झाला की गाडी लागणारा भाऊ, संध्याकाळी पाचला ड्युटीवर हजर व्हायचं असलेले मामा आणि हरणं बघायचीच म्हणून बसलेली ताई. वर खर्चाची एक मर्यादा. चौघांनी मिळून एक ठिकाण आणि निघायची वेळ ठरवायची. प्रत्येकाकडं जी दोन चिठोरी आहेत ती दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत, त्यामुळं एक जण जरी गप्प बसला तरी बेत चुकतो. बुजऱ्या पोराला बोलायला लावायचा यापेक्षा सोपा उपाय नाही, कारण त्याच्या मागं सर लागत नाहीत, बाकीचे तिघं लागतात.

चिठ्ठीवर काय लिहायचं यावर अर्धा खेळ अवलंबून आहे. ‘माय ग्रँडमदर हॅज नी पेन अँड शी कॅनॉट क्लाइम्ब स्टेप्स’ असं अख्खं वाक्य दिलं तर पोरं ते बातम्या वाचल्यासारखं वाचतात आणि चिठ्ठी खाली ठेवतात. ‘ग्रँडमदर – नीज – स्टेप्स’ एवढंच द्यावं. वाक्य त्यानं जुळवायचं. ते ‘माय ग्रँडमदर नीज पेन, सो नो स्टेप्स’ असं आलं तरी त्या क्षणी चालतं, बाकीच्या तिघांना कळलं म्हणजे झालं. एक मिनिट चिठ्ठी वाचायची, मग पालथी ठेवायची, अडलं तरच उलटून बघायची.

उत्तरं किती असावीत, हाही विचार लागतो. एकच उत्तर जुळत असेल तर गटातला हुशार मुलगा ते तिसऱ्या मिनिटाला सांगतो आणि चर्चा संपते. एकही जुळत नसेल तर पोरं वैतागतात. चारपैकी दोन ठिकाणं लवकर बाद व्हावीत (दंडोबा आजीच्या गुडघ्यांपायी लगेच जातो) आणि उरलेल्या दोहोंत कुणाचं तरी मन मोडावं लागावं, असे आकडे आधीच जुळवून घ्यायचे. अंतरं आणि भाडी खरी घालावीत. सांगलीच्या पोरांना औदुंबर किती लांब आहे ते ठाऊक असतं, आणि खोटा आकडा दिसला की सगळा गट सरांची चूक काढण्यात रमतो. तेही इंग्लिशमध्ये काढत असतील तर काढू द्यावी.

एका गटाला आठ चिठ्ठ्या, ६० पोरांचे १५ गट, म्हणजे १२० चिठ्ठ्या. ए-फोर कागदावर आठ बसतात, तेव्हा १५ झेरॉक्समध्ये अख्खा वर्ग भागतो. दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक टेप मारली की संच वर्षभर टिकतो. प्रत्येक संच वेगळ्या पाकिटात घालावा आणि पाकिटावर क्रमांक टाकावा. नाहीतर दुसऱ्या तासाला एका गटात दोन आज्या आणि दुसऱ्यात दोन मामा निघतात.

वेळेचा मेळ असा : बसून समजावण्यात चार मिनिटं, वाचायला एक, एकेकानं आपली माहिती सांगायला चार, ठरवायला दहा, निकाल सांगायला पाच, चुका फळ्यावर घ्यायला सात, वहीत लिहायला चार. ३५ झाली. समजावताना भाषण नको, एक गट पुढं बसवून दोन मिनिटं खेळून दाखवावं. सूचना मराठीत दिली तरी बिघडत नाही. सूचना कळण्यातच दहा मिनिटं घालवायची आणि बोलायला पाच उरवायची, याला काही अर्थ नाही.

दोन नियम आधी सांगून टाकायचे. मतदान नाही. हात वर करून तीन विरुद्ध एक झालं की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो आणि त्या एकाला बोलायचं कारणच उरत नाही, म्हणून चौघांचं एकमत लागेल. दुसरा नियम, निकाल कोण सांगणार ते शेवटी ठरेल. गटात सगळ्यांना एक ते चार क्रमांक द्यायचे आणि वेळ संपल्यावर फळ्यावर एक आकडा लिहायचा, त्या क्रमांकाचे सगळे उभे. आधीच ‘तू बोल’ असं ठरलं की बाकीचे तिघं सुटले.

परदेशी खेळांच्या याद्यांत एक ओसाड बेट हटकून असतं : जहाज फुटलं, बेटावर कोणत्या पाच वस्तू न्याल? आपल्याकडं याचं उत्तर ‘मोबाईल’ येतं आणि पुढं सरकत नाही. हवेतल्या फुग्याचा खेळही तसाच. फुगा खाली चाललाय, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, सैनिक यांतल्या कुणाला टाकायचं? सांगली जिल्ह्यात शेतकऱ्याला आणि सैनिकाला टाका म्हणायची कुणाची छाती होत नाही, डॉक्टर लागतोच, मग राहिले शिक्षक. वर्ग खूश होतो आणि खेळ दोन मिनिटांत संपतो.

बेटाच्या जागी पूर घातला की मात्र वर्गाचा नूर बदलतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलंय, ४५ ला धोक्याची पातळी, घर सोडायला २० मिनिटं. बारा वस्तूंतल्या पाच उचलायच्या : कागदपत्रांची फाईल, गॅस सिलिंडर, आजोबांच्या गोळ्या, शेळी, टीव्ही, तांदळाचं अर्धं पोतं, दागिने, चार्जर, शाळेचं दप्तर, अंथरूण-पांघरूण, पिण्याचं पाणी, शिलाई मशिन. आधी दोन मिनिटं एकट्यानं पाच वस्तू लिहायच्या, कुणाशी न बोलता. हे वगळलं की जो पहिला बोलतो त्याचीच यादी गटाची होते. मग दोघांनी मिळून पाच, पाच मिनिटांत. मग चौघांनी मिळून पाच, आठ मिनिटांत. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी सोडावं लागतं, आणि सोडायचं म्हटलं की माणूस बोलतो. एरवी ‘मे आय कम इन’च्या पलीकडं न गेलेली पोरं इथं ‘सिलिंडर फ्लोट्स, गोट नो!’ म्हणून शेळीची बाजू घेतात. वाक्याला क्रियापद नाही, पण युक्तिवाद पक्का आहे. ‘शुड’, ‘मस्ट’, ‘बिकॉज’ आणि ‘बट इफ’ एवढ्या चार गोष्टींवर हा खेळ पंचवीस मिनिटं चालतो.

इथं एक पथ्य आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर या जिल्ह्यानं बघितलेत, २०१९ ला पाणी ५० फुटांच्याही वर गेलं होतं. वर्गात कुणाचं घर त्यात गेलेलं असू शकतं. म्हणून ‘तुझं घर’ न म्हणता चिठ्ठीवरचं एक काल्पनिक कुटुंब घ्यावं, आणि पाणी खरोखर चढत असतं त्या जुलै-ऑगस्टमध्ये हा खेळ काढू नये. जानेवारीत काढावा.

गट जमला की नवी अडचण येते, दोघं बोलतात आणि दोघं ऐकतात. त्यावर चिंचोके. प्रत्येकाला चार. बोललं की एक मधोमध टाकायचा, संपले की गप्प, आणि वेळ संपायच्या आत सगळ्यांचे संपले पाहिजेत. बडबड्याला जपून बोलावं लागतं, गप्प्याला संपवण्यासाठी बोलावं लागतं. पोरं यातनं लगेच पळवाट काढतात. ‘येस’ म्हणून एक चिंचोका, ‘आय ॲम ॲग्री’ म्हणून दुसरा. म्हणून नुसत्या होकाराला चिंचोका नाही, होकारामागं एक कारण पाहिजे. दुसऱ्याला प्रश्न विचारला तर आपला एक चिंचोका परत घ्यायचा, असा पोटनियम ठेवला की प्रश्नही येतात. चिंचोक्यांऐवजी तासगावचे बेदाणे वापरायची कल्पना कुणाला सुचली तर सुचो, खेळ संपायच्या आत बेदाणे संपतात.

रेडिओवरच्या ‘जस्ट अ मिनिट’चं आपल्याकडच्या क्लासांना फार वेड आहे. बी.बी.सी.वर हा कार्यक्रम १९६७ पासून चालत आलाय. दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं, पण अडखळायचं नाही, शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही, असे त्याचे नियम. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही ते जमत नाही, म्हणून तर त्यात गंमत आहे. नवख्या पोराला अडखळल्याबद्दल बाद करणं म्हणजे तो जे शिकायला आलाय त्याचीच शिक्षा त्याला देणं. त्यापेक्षा न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी अभ्यासलेलं चार-तीन-दोन बरं : तीच गोष्ट एका श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. आपल्या पोरांसाठी दीड मिनिट, एक मिनिट, पाऊण मिनिट पुरे. श्रोता दर वेळी नवा पाहिजे, नाहीतर तेच तेच सांगायचा दोघांनाही कंटाळा येतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर एका रांगेनं एक बाक पुढं सरकायचं.

मराठीचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. वाद तापला की पोरं ‘आरं पण शेळी न्यायची कशातनं?’वर येतात, आणि खरं सांगायचं तर तो खेळ रंगल्याचा पुरावा आहे. मराठी शब्दाला एक रुपया दंड लावणारे क्लास आहेत. तिथं मराठी थांबते आणि बोलणंही थांबतं. गटात एकाला दुभाषी करावं, दर पाच मिनिटांनी बदलून. कुणी मराठीत बोललं की त्यानं ते इंग्लिशमध्ये म्हणायचं, आणि त्यानं म्हटल्याशिवाय तो मुद्दा धरायचा नाही. त्यालाही जमलं नाही तर शिक्षकाला हाक. फळ्याच्या कोपऱ्यात चार-पाचच तयार तुकडे ठेवावेत : ‘आय ॲग्री, बट…’, ‘व्हॉट अबाउट…?’, ‘लेट्स लीव्ह द…’, ‘से दॅट अगेन’. पंधरा लिहिले की एकही वापरत नाहीत.

खेळ चालू असताना चूक दुरुस्त करायची नाही. हे शिक्षकाला सगळ्यांत जड जातं. हातात छोटी वही घेऊन बाकांच्या मधनं फिरायचं, ऐकू आलेली सहा-आठ वाक्यं टिपायची. त्यात दोन-तीन चांगलीही असावीत. नाव न घेता ती फळ्यावर लिहायची आणि कुठली बरोबर, कुठली दुरुस्त करायची ते पोरांनाच विचारायचं. ‘आय ॲम ॲग्री’ आणि ‘डिड यू वेंट’ ही दोन वाक्यं तर जवळजवळ रोज मिळतात. थांबवायची खूण म्हणून टाळ्या किंवा छडी आपटणं नको, गोंगाटात ते मिसळून जातं. शिक्षकानं हात वर करायचा, जो बघेल त्यानं आपला हात वर करून गप्प व्हायचं. साठ जण दहा-बारा सेकंदांत शांत होतात.

राहिला पालकांचा प्रश्न : ‘क्लासला खेळ काय खेळवताय?’ दहावीच्या इंग्लिशला ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत, आणि बोलण्याचं जे काही आहे ते त्या वीसात. ते वीस तर मिळतातच, असा सगळीकडचा समज. संध्याकाळी वही उघडून ‘आज काय घेतलं?’ विचारणाऱ्या आईला कोरं पान दाखवून चालत नाही. शेवटची चार मिनिटं त्यासाठीच राखलेली आहेत : गटानं काय ठरवलं, का ठरवलं आणि काय सोडावं लागलं, अशी तीन वाक्यं प्रत्येकानं आपल्या वहीत लिहायची, वर तारीख घालून. जो गट लवकर उरकतो त्याला चौथं वाक्य : ‘मला हे पटलं नाही, कारण…’